भुंग्याचा बंदोबस्त

आमच्या घरात एक भुंगा राहायचा. खरा नव्हे, रेकॉर्ड प्लेयर लावला की स्पीकरमधून ऐकू येणारा. सुई रेकॉर्डवर टेकायच्या आधीच तो सुरू व्हायचा, घूंऽऽ असा सलग, एकाच पट्टीत, आणि गाणं संपलं तरी याचं आपलं चालूच. ढोलक आणि टाळ्यांचा गजर असला की तो दबून जायचा. पण गायक जरा श्वास घ्यायला थांबला की हा हजर. बायकोला त्याचं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, "तुमच्या बोलण्यापेक्षा त्याचा आवाज कमीच हाय."

मी चित्रकलेचा मास्तर. माजलगावातल्या एका शाळेत सगळी नोकरी काढली आणि आता घरी बसून असतो. स्वभाव तापट आहे, हे माझे विद्यार्थी, माझी बायको आणि स्टँडवरचे रिक्षावाले एकमतानं सांगतील. पण त्या भुंग्यावर मी बरीच वर्षं रागावलो नव्हतो. जुनी मशीन आहे, तिला थोडं खोकू द्यावं, असं मी धरून चाललो होतो.

मशीन माझी होती, पण रेकॉर्डी माझ्या नव्हत्या. त्या माझ्या मित्राच्या. त्याच्या वडलांचं बसस्टँडजवळ चहाचं हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलात दिवसभर रेकॉर्डी वाजायच्या. कपबशा विसळायला बसून त्यानं त्या सगळ्या पाठ केल्या. पुढं हॉटेल बंद झालं, तिथली मशीन भंगारात गेली, आणि रेकॉर्डी एका पत्र्याच्या पेटीत घालून त्यानं घरी नेल्या. तो केळीच्या धंद्यात पडला, चांगला जम बसला, पण पेटी तशीच पलंगाखाली. मी एकदा संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून हौसेनं रेकॉर्ड प्लेयर उचलून आणला आणि घरी आल्यावर लक्षात आलं, वाजवायला आपल्याकडं काहीच नाही. ही गोष्ट मी त्याच्या गोडाऊनवर केळी घेताना सांगितली, तर तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी पेटी माझ्या दारात.

"रेकॉर्डी माझ्या, मशीन तुझी," तो म्हणाला. "आपली पार्टनरशिप, मास्तर."

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की त्याची स्कूटर आमच्या दारात लागायची. हातात केळीची एक फणी. खिडकीजवळची वेताची खुर्ची त्याची. तो मशीनला हात लावायचा नाही. "मशीन तुझी, हात तुझा" म्हणायचा. मी पंखा बंद करायचो, रेकॉर्ड पुसायचो, सुई टेकवायचो. सुई खाली जाताना तो बारीक नजरेनं बघायचा आणि ती टेकली की डोळे मिटायचा. मग रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एप्रिल-मेच्या गरमीत आम्ही दोघं घामानं निथळत बसायचो, पण पंखा लावायचा नाही म्हणजे नाही.

त्याची एक आवडती कव्वाली होती. तिच्यात मध्येच गायक एक ओळ उंच नेतो आणि तिथं सोडून देतो. सगळं थांबतं. टाळ्या थांबतात, बाजाची पेटी थांबते. आणि मग एकदम टाळी पडते. त्या रिकाम्या जागेत आमचा शेठ, मी त्याला शेठ म्हणतो, हात वर करून हळूच म्हणायचा, "हाय रे हाय!" कधी कधी जरा आधीच म्हणायचा. मग आमचं भांडण.

"अरे, त्याला आधी गाऊ तर दे!"

"त्यो गाणारच हाय बे. कुठं पळून जातोय?"

असं छान चाललं होतं. मग त्याचे कान जायला लागले.

आधी त्याच्या ते लक्षात आलं नाही. गिऱ्हाईक हळू बोलतात, घरातले पुटपुटतात, अशा तक्रारी तो करायचा. शेवटी पुण्याला असणाऱ्या मुलानं त्याला तिकडं नेऊन दोन्ही कानांत यंत्रं बसवून आणली. शेंगदाण्याएवढी. गोडाऊनवर त्याचा फायदा झाला. समोर बसून बोललेलं त्याला नीट कळायला लागलं. मला वाटलं, सुटलो. पण पुढच्या शुक्रवारी मी मशीन चालू केली मात्र, शेठनं तोंड वाकडं केलं आणि दोन्ही हात कानांवर नेले.

"बंद कर, बंद कर! हे काय हाय? कानात भुंगा शिरल्यावानी व्हायलंय."

भुंग्याचं नाव भुंगा पडलं ते त्या दिवशी. माझ्या कानाला जो आवाज बारीक वाटायचा, तो त्याच्या यंत्रातून फुगून त्याच्या डोक्यात घुसत होता. मी आवाज कमी केला, तर गाणंही कमी झालं. मोठा केला, तर भुंगाही मोठा. "गाणं पत्र्यावर खडे पडल्यावानी येतंय आन् मागं ह्यो भुंगा," तो म्हणाला. तरी त्यानं ती बाजू संपेपर्यंत दम धरला. कव्वालीतली ती जागा आली तेव्हा मी त्याच्याकडं बघितलं. हात मांडीवर तसाच होता.

मग शुक्रवार चुकायला लागले. एकदा केळीचा ट्रक उतरायचा होता. एकदा मार्केट यार्डात कुणाला भेटायचं होतं. एकदा नुसतंच "जमणार न्हाई." मी गोडाऊनवर गेलो की तो चहा पाजायचा, गप्पा मारायचा, राजकारणावर तावातावानं बोलायचा, पण गाण्याचा विषय निघाला की कुणाला तरी हाक मारायचा. आणि एक दिवस, केळीचे घड मोजून घेता घेता, माझ्याकडं न बघताच म्हणाला, "त्या रेकॉर्डी तुझ्याकडंच राहू दे मास्तर. तुझ्याच समज. मला आता काय करायच्यात?"

मोटारसायकल ढकलत बाहेर आलो, सुरू करायचं भानच नव्हतं. मला भीती वाटली, हे सरळ सांगतो. वडलांच्या हॉटेलातली एवढीच वस्तू त्याच्याजवळ उरली होती आणि ती तो अशी देऊन टाकत होता. माणूस एकेक गोष्ट अशी सोडून द्यायला लागला की मग थांबत नाही. हे मी माझ्या वडलांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्या दिवशी मी भुंग्यावर पहिल्यांदा रागावलो. रागावलो तो असा, की बायको म्हणाली, आता ह्या घरात एक तर तो भुंगा राहील नाही तर मी.

मशीन मी बीडला एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, दोष तुमच्या लाइटमध्ये. मला पटेना. म्हणून मी ती सगळी वरात, मशीन, स्पीकर, वायरी, जीपमध्ये घालून उमापूरला बहिणीच्या घरी नेली. बहिणीला वाटलं, भाऊ राहायला आला. तिथं प्लग लावला, कान दिला, तर काही नाही. भुंग्याचा मागमूस नाही. बहिणीच्या घरची लाइट स्वच्छ आणि माझ्या घरची नासकी! मी जेवायलाही थांबलो नाही, म्हणून ती अजून बोलते.

परत आल्यावर मी गल्ली पालथी घातली. आमच्या मागं पिठाची गिरणी आहे, तिचा थोडा वाटा होताच. पण खरी भानगड दुसरीच. आमच्या गल्लीत खांबावरची न्यूट्रल, म्हणजे लाइट परत नेणारी, वायर कायम ढिली. ती निसटली की लाइनमनची वाट कोण बघतो? खांबावरून येणारी एक वायर घ्यायची आणि दुसरी सरळ बोअरच्या पाइपाला गुंडाळायची. जमिनीतून लाइटचा फेरा पूर्ण होतो, बल्ब लागतो, पंखा फिरतो, काम झालं. निम्म्या गल्लीनं हेच केलेलं. म्हणजे सगळ्यांची उष्टी लाइट आमच्या पायाखालून हिंडत होती आणि अर्थिंगच्या वायरनं वर चढून माझ्या स्पीकरमध्ये येत होती. मी शेजाऱ्याला दारातूनच विचारलं, "तुमी बोअरच्या पाइपाला वायर कावून लावता हो?"

तो शांतपणे म्हणाला, "लाइट लागती म्हणून, मास्तर."

यावर काय भांडणार?

उपाय मला मोबाइलवर सापडला. कुणी तरी एक भला माणूस व्हिडिओत सांगत होता, की एक वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवा. त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एक खांबाकडचं, एक घराकडचं. दोन्ही एकाच लोखंडी गाभ्यावर, पण एकमेकांना कुठंही जोडलेली नाहीत. खांबाकडची लाइट पहिल्या वेटोळ्यात फिरते आणि नुसत्या चुंबकाच्या जोरावर दुसऱ्यात नवी लाइट उठते. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं आपल्या घरात पाऊल न टाकता बातमी पोचवावी तसं. बातमी तेवढी आली, चिखलाचे पाय बाहेरच राहिले. व्हिडिओ मी इतक्या वेळा बघितला की बायकोलाही तो पाठ झाला.

तसा ट्रान्सफॉर्मर आमच्याकडं विकत कुठं मिळायला? म्हणून मी मोटारी भरून देणाऱ्याकडं गेलो. धरणाच्या पाण्यावरचा ऊस म्हणजे रानोमाळ मोटारी, आणि जळालेली मोटार शेवटी याच्याकडंच येते. जुनी तार काढायची, नवी भरायची. माणूस गडगडाटी, स्वतःवर भलताच खूश. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "आत किती होल्टेज घालायचं?"

"दोनशे तीस."

"आन् भाईर किती पायजे?"

"दोनशे तीस."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग आतल्या दोघांना त्यानं हाक मारून बाहेर बोलावलं. "ऐका रे, मास्तर काय म्हनायलेत! दोनशे तीस घालायचे आन् दोनशे तीसच काढायचे! मास्तर, तसली तर खांबावर फुकट हाय की!"

तिघं हसले. मी तिथंच बाकड्यावर बसून राहिलो. शेवटी त्यालाच दया आली. एकदा काम अंगावर घेतल्यावर मात्र त्यानं ते मनापासून केलं. तार भरली, गाभा कसला, सगळं वार्निशात बुडवलं आणि दुकानापुढच्या कडुलिंबाच्या फांदीला लोखंडी आकड्यानं टांगून दिलं. शहरात वार्निश वाळवायला भट्टी लागते म्हणे. "आपल्याकडं ऊन हाय की," तो म्हणाला. जाता-येता लोक विचारायचे, हे काय टांगलंय, आणि तो सांगायचा, मास्तरची दोनशे तीसची गंमत.

घेऊन निघताना त्यानं एक गोष्ट बजावली. "ह्याला टेस्टर लावून बघू नका. दोन्हीकडं धड पेटणार न्हाई. म्हनून लाइट न्हाई असं समजून दोन्ही वायरी धरताल तर मास्तरीनबाई मला सोडायच्या न्हाईत."

रिक्षातून ते धूड उतरवायला मला शेजाऱ्याची मदत घ्यावी लागली, बोअरच्या पाइपवाल्याचीच. बायकोनं विचारलं, "आता काय गिरणी टाकायची का घरात?" मी कपाटाखाली ट्रान्सफॉर्मर ठेवला, मशीन त्याला जोडली, श्वास रोखून चालू केली. स्पीकर गप्प! मी ओरडणार तोच कपाटाखालून आवाज आला. घूंऽऽ.

"भुंगा गेला न्हाई," बायको म्हणाली. "त्यानं खोली बदलली."

नवा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणत होता. पुन्हा रिक्षा, पुन्हा दुकान. त्यानं गाभ्याचे बोल्ट करकचून आवळले, आणखी एकदा वार्निश पाजलं, पुन्हा लिंबाला टांगलं. मी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा आणून जिन्याखाली अंथरला, त्यावर ट्रान्सफॉर्मर बसवला आणि तिथून खोलीत वायर ओढली. मग शेवटची परीक्षा. मशीनला हेडफोनची पिन लावली, की स्पीकर आपोआप बंद होतात आणि आवाज फक्त कानात येतो. मी हेडफोन चढवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि डोळे मिटले. काही नाही. अगदी काही नाही. माझाच श्वास तेवढा. बायकोच्या कानाला लावला, तर ती म्हणाली, "बंद पडलं का हो?"

मी तिला मिठी मारली. दिवसाढवळ्या, दार उघडं असताना. तिनं मला ढकललं आणि ओट्याकडं निघून गेली, पण हसत होती.

शेठला मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, शुक्रवारी ये, भुंग्याचा बंदोबस्त झालाय. तो हो-नाही करत कबूल झाला. आणि नेमका त्याच शुक्रवारी दुपारी घाटनांदूरहून माझा मेव्हणा आला. तो वायरमनची कामं करतो. आमच्याकडच्या बऱ्याच पुरुषांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. माझ्या मेव्हण्याच्या खिशात पेन नसतं, दोन टेस्टर असतात. कुणाच्याही घरी गेला की पाणी प्यायच्या आधी तो बोर्ड तपासतो. मी भाजी आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर तो जिन्याखालून कोपरं झाडत निघत होता.

"दाजी, बरं झालं मी आलतो. तुमच्या ह्या डब्यात लाइटच नव्हती. टेस्टर दोन्ही भोकांत नुसता मिणमिणायला. मी आतून एक वायर न्यूट्रलला जोडून दिली. आता बघा, एकात पेटतोय, एकात न्हाई. कसं पायजे तसं!"

त्यानं काय केलं हे मला नीट कळायच्या आत दारात स्कूटर वाजली. मी म्हटलं, असेल काही किरकोळ. पंखा बंद केला, मशीन चालू केली. घूंऽऽ. भिंत फोडून शेजारीण घरात आली होती, चिखलाच्या पायांसकट.

शेठनं कानावर हात नेला नाही. त्यानं फक्त माझ्याकडं बघितलं आणि कसंनुसं हसला. "असू दे यार. वय झालं आपलं." केळीची फणी टेबलावर ठेवली आणि चहा न घेता गेला. मी मेव्हण्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्याला अजूनही वाटतं, की दाजीचं डोकं उन्हानं फिरलं. टेस्टर तर पेटत होता! बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मोटार भरणाऱ्यानं येऊन जोडलेली वायर सोडवली, भुंगा पुन्हा गेला, पण शेठ कुठं यायला तयार होता? फोन केला की "बघू." शेवटी मी गोडाऊनवर गेलो आणि हमालांच्या समोर ओरडलो. "तुझ्या रेकॉर्डी घेऊन जा! मी काय गोडाऊन टाकलंय का?"

"ठेव म्हणलं ना तुला."

"मला न्हाई पायजेत. ठेवायच्या असतील तर ऐकायला ये. न्हाई तर आज संध्याकाळी पेटी तुझ्या दारात आणून आपटतो, फुटल्या तर फुटल्या."

हमाल हातातले घड तसेच धरून उभे राहिले. शेठनं हातातला घड खाली ठेवला. मग म्हणाला, "लई चिडका हायस बे तू. येतो."

त्या शुक्रवारी मी सकाळपासून धास्तीत होतो. बायकोला सांगून ठेवलं होतं, की तिचा भाऊ आला तर त्याला दारातच खुर्ची टाकून बसव. पुन्हा पुन्हा जिन्याखाली जाऊन बघत होतो. मशीनपुढं बसलो, हेडफोन चढवला, ऐकलं. शांत. काढला. पाच मिनिटांनी पुन्हा चढवला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मी हेडफोन उतरवून उशीखाली सारला आणि दार उघडलं.

तो त्याच्या खुर्चीत बसला. या वेळी त्यानं केळी आणली नव्हती. अवघडून बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. मी पंखा बंद केला, त्याची कव्वाली काढली, पुसली. त्याची नजर सुईवर होती. सुई टेकली, रेकॉर्ड फिरायला लागली आणि त्यानं डोळे मिटले.

आवाज आला नाही.

एक क्षण मला कळेना काय झालं. मशीनचा दिवा लागलेला, रेकॉर्ड फिरतेय. मग दिसलं. हेडफोनची पिन मशीनला तशीच होती, घाईत काढायची राहिलेली. स्पीकर मुके, आणि गाणं उशीखाली. सुईचाच काय तो मुंगीएवढा आवाज, तो मला मशीनला नाक लावून बसल्यामुळं ऐकू येत होता. मी पिन काढायला हात पुढं केला आणि शेठकडं बघितलं.

त्याचं बोट मांडीवर ठेका धरून चाललं होतं.

माझा हात तिथंच राहिला. मी सुईचा बारीक आवाज ऐकत होतो आणि त्याचं बोट बघत होतो. सुरुवातीची पेटी संपली, ढोलक आलं, तसं बोट जलद झालं. मान हलायला लागली. पहिली ओळ, मग साथीदारांनी ती पुन्हा घेतलेली. खांदे उतरले, चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांत त्याचा तो चेहरा मी पाहिला नव्हता. बायको चहा घेऊन आली, फिरती रेकॉर्ड आणि मुकी खोली बघून तिनं तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं शेठकडं बघितलं, कप हळूच खाली ठेवले आणि उंबऱ्यावरच बसली.

गायकानं ती ओळ उंच नेली. मी सुईवर कान टेकवला होता. ओळ सुटायच्या बेतात होती, ती रिकामी जागा यायचीच होती, आणि शेठचा हात वर गेला.

"हाय रे हाय!"

जरा आधीच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला एकदम कळलं, की त्या यंत्रातून त्याला गाणं असं कधी मिळणारच नव्हतं. ते पत्र्यावरचे खडेच राहणार होते. गाणं त्याच्याजवळ होतंच, कपबशा विसळायला बसायचा तेव्हापासूनचं. भुंगा ते त्याला ऐकू देत नव्हता.

बाजू संपली. मी सुई उचलली. शेठनं डोळे उघडले, डोळ्यांच्या कडा बोटानं पुसल्या आणि खुर्चीत मागं रेलला.

"गेला बे भुंगा," तो म्हणाला. "एकदम साफ आलं. अब्बांच्या हॉटेलात यायचं तसं."

"मग? सांगत होतो न्हाई का तुला!"

त्यानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला, बायकोला "भाभी, पुढच्या जुम्म्याला केळी आणतो" म्हणाला आणि पाय पसरून बसला.

"दुसरी बाजू लाव, मास्तर."

मी रेकॉर्ड उलटली, पुसली, सुई टेकवली. हेडफोनची पिन तशीच राहू दिली.